नागोरचा मिनार आणि आमची मराठी

पनवेलला राहण्याचा एक फायदा असा की दक्षिणेकडची गाडी पकडायला मुंबईला जावं लागत नाही. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वेचा मार्ग सलग सुरू झाला आणि मडगाव, मंगळूर, एर्नाकुलम ही नावं आमच्या स्टेशनवर रोज पुकारली जाऊ लागली. पण रोज कानावर पडतं म्हणून माणूस तिथे जातोच असं नाही. आमच्या सुट्ट्या अजमेर, महाबळेश्वर, नाहीतर गाव यातच संपत आल्या. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र आम्ही पाचजण नेत्रावती एक्सप्रेसमध्ये बसलो. मी, हे, दोन मुलं आणि माझी अम्मी.

जायचं ठरलं ते अम्मीमुळे. तिचे वडील, म्हणजे माझे नाना, बोटीवर खलाशी होते. कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यांतून कितीतरी घरांचे पुरुष तेव्हा बोटीवर असत. नाना सिंगापूरच्या बंदराच्या गोष्टी सांगत. तिथे तेलोक आयर स्ट्रीटवर नागोर दर्गा आहे, 1828 ते 1830 च्या दरम्यान तामिळ मुसलमानांनी बांधलेला. तिथे कोणी दफन नाही, ती फक्त आठवणीची जागा आहे. खरा दर्गा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर, नागपट्टणमजवळ नागोरला. हजरत शाहुल हमीद सोळाव्या शतकातले बुजुर्ग, आणि दर्यावर्दी लोक त्यांना आपला राखणदार मानतात. एका वादळात नानांनी त्यांच्या नावाने मन्नत मानली होती की सुखरूप पोचलो तर नागोरला येऊन जाईन. ते सुखरूप पोचले, पण नागोरला काही गेले नाहीत. अम्मी आता बाहत्तरची आहे, तिचे गुडघे कुरकुरतात. ती म्हणाली, “अब्बाचं एवढं एक राहिलंय. पाय चालतायत तोवर जाऊन येऊ.”

यांना हे पटत नव्हतं. आमच्या घरात हा वाद जुना आहे आणि तो बहुतेक मुस्लिम घरांत असतो. कबरीवर जाऊन मागणं दीनमध्ये बसतं का? आणि मन्नत नानांची, ती फेडायची नातजावयाने? हे नमाजी माणूस आहेत, उगाच विरोध करणारे नाहीत. अम्मीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुम्ही काही मागू नका, जावईबापू. मीही मागणार नाही. मागायचं ते अल्लाहकडे. मला फक्त निरोप पोचवायचाय.” यावर हे गप्प बसले आणि तिकिटं काढायला लागले.

रत्नागिरी सोडल्यावर गाडी पानवल नदीच्या पुलावरून जाते. 64 मीटर उंच पूल आहे तो. धाकट्याने नाव ऐकलं आणि म्हणाला, “मम्मी, आपण अजून पनवेललाच आहोत!” डबाभर हशा पिकला. बोगद्यात गाडी शिरली की अम्मी कलमा पढायची आणि बाहेर आली की पान काढायची. कारवारपर्यंत तिचं पान आणि कलमा असंच आळीपाळीने चालू होतं.

केरळात आम्ही कोडुंगल्लूरची चेरमान मशीद पाहिली. ती इसवी सन 629 मध्ये बांधली असं तिथली परंपरा सांगते. इतिहासकार त्या सालावर वाद घालतात, पण अरब व्यापाऱ्यांबरोबर इस्लाम या किनाऱ्यावर फार लवकर आला याबद्दल वाद नाही. तो तलवार घेऊन आला नाही, मिरी न्यायला आलेल्या गलबतांतून आला. मशिदीत एक जुना तेलाचा दिवा आहे. त्यासाठी सगळ्या धर्मांचे लोक तेल आणतात.

तिथल्या एका दुकानात मदरशाच्या मुलांचं पुस्तक दिसलं. अक्षरं अरबी. मी उर्दूची शिक्षिका, सराईतपणे दोन ओळी मोठ्याने वाचल्या आणि एका शब्दाचाही अर्थ कळला नाही. दुकानदाराचा दहा वर्षांचा मुलगा मात्र ऐकून हसला. त्याला सगळं कळलं होतं, कारण भाषा मल्याळम होती. तिकडचे मापिला मुसलमान शतकानुशतकं आपली मल्याळम अरबी लिपीत लिहीत आले. तिला अरबी-मल्याळम म्हणतात. लिपी माझी आणि भाषा त्याची, असा तो प्रकार होता. बीएडला आम्ही लिपी आणि भाषा वेगळ्या असतात हे पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं. तिथे ते कानांनी कळलं.

जेवायला तांदळाची पातळ पत्तिरी आणि मटणाचा रस्सा होता. अम्मीने एक घास घेतला आणि निकाल दिला, “ही तर आपली तांदळाची भाकरी. जरा दुबळी झालीय एवढंच.”

एर्नाकुलमहून रात्रीच्या गाडीने सकाळी तंजावरला उतरलो. राजराज चोळाने बांधलेलं बृहदीश्वराचं देऊळ 1010 मध्ये पूर्ण झालं. त्याचं शिखर पाहून मान दुखते. पण मला मुलांना दाखवायची होती ती आवाराची भिंत. दुसऱ्या सर्फोजीराजांनी 1803 मध्ये तिथे भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. एवढा लांबलचक शिलालेख क्वचितच कुठे असेल. चहूकडे तामिळ, आणि मध्येच देवनागरी. तीन दिवस एकही पाटी वाचता न आलेला धाकटा भिंतीला नाक लावून अक्षरं जुळवत बसला. लेक दहावीला आहे. ती म्हणाली, “मम्मी, आपली भाषा इथे दगडात आहे.”

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी विजापूरच्या आदिलशाहीचे सरदार म्हणून इकडे आले आणि 1670 च्या दशकात तंजावरची गादी त्यांच्याकडे आली. 1855 पर्यंत हे राज्य टिकलं. सर्फोजीराजांनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात तामिळ, तेलुगू, संस्कृत पोथ्यांच्या शेजारी मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागद आजही आहेत. त्या वेळी आलेल्या घरांचे वंशज अजून आपली मराठी बोलतात. तिच्यात तामिळ मिसळलेली आहे, पण मराठीच. देवळाजवळ भेटलेल्या एका बाईंनी आमचं बोलणं ऐकून थांबवलं आणि विचारलं, “तुमी मराठीं का?” मी हो म्हटलं. त्यांनी माझा स्कार्फ पाहिला, अम्मीची ओढणी पाहिली, आणि तरी पुढचा प्रश्न विचारला तो असा की, जेवलात का?

ही गोष्ट साधी आहे, पण मला ती लागली. का, ते सांगते. वीस वर्षं मी मराठी शिकवते. नवीन ओळख झाली की हमखास ऐकू येणारं वाक्य आहे, “अरे वा, तुमचं मराठी किती छान आहे!” बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण आपल्याच घरात कोणी “छान सजवलंय हो घर, कोणाचं आहे?” असं विचारावं तसं वाटतं. आमच्या घरी नानांच्या आधीपासून कोकणी मराठी बोलतात. दुसऱ्या बाजूने आपलेच लोक विचारतात, “उर्दू शाळेतल्या पोरांना मराठी एवढी कशाला?” मी दोन्हींच्या मध्ये उभी असते. आणि तंजावरात, घरापासून एवढ्या लांब, एका अनोळखी बाईंना त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी नागोर. कावेरीच्या खोऱ्यातली भातशेतं, वरून दिवाळीच्या दिवसांत तिकडे पडणारा पाऊस. रिक्षावाला यांना “भाय” म्हणू लागला. तामिळनाडूत मुसलमानाला सरसकट “भाय” म्हणतात. पण पुढचं सगळं तामिळ. दर्ग्यापाशी एका वयस्कर खादिमांशी अम्मी उर्दूत बोलायला गेली, तर त्यांनी हसून हात हलवले. उर्दू येत नाही. त्यांची मायबोली तामिळ. उमरु पुलवर नावाच्या कवीने सतराव्या शतकात हुजूरांच्या जीवनावर ‘सीरापुराणम्’ हे महाकाव्य लिहिलं तेही तामिळमध्ये. त्या खादिमांना कोणी “तुमचं तामिळ किती छान” असं म्हणत असेल का? मला नाही वाटत.

दर्ग्याला पाच मिनार आहेत. चार तसे जवळपासच्या उंचीचे, आणि पाचवा सगळ्यांच्या वर गेलेला, 131 फूट. खादिमांच्या नातवाने इंग्रजीत सांगितलं की हा मोठा मिनार तंजावरच्या राजाने बांधला. राजाचं नाव प्रतापसिंह. 1739 ते 1763 पर्यंत तंजावरच्या गादीवर होते. व्यंकोजींचे नातू, म्हणजे शहाजीराजांचे पणतू.

मी मुलांना तिथेच बसवून हिशेब करायला लावला. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या कृपेने झाले म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली असं बखरी सांगतात. त्या शहाजींचे पुत्र व्यंकोजी, त्यांचे पुत्र तुकोजी, त्यांचे पुत्र प्रतापसिंह. वेरूळच्या घराण्यातल्या पणतवाने बंगालच्या उपसागराच्या काठावर, तामिळ बोलणाऱ्या मुसलमानांच्या पीराच्या दारात मिनार उभा केला. नंतरच्या तुळजाजींनी दर्ग्याला गावंही इनाम दिली. लेकीने विचारलं, “हे आमच्या पुस्तकात का नाही?” मी म्हटलं, पुस्तकात जागा थोडी असते. ती म्हणाली, “जागा थोडी असते तर काय ठेवायचं ते कोण ठरवतं?” दहावीची मुलगी आहे, तिला उत्तर देऊन चालत नाही, मी तिला तो प्रश्न वहीत लिहून ठेवायला सांगितला.

अम्मीने पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली नानांची नल्ली काढली. खलाश्यांच्या नोकरीच्या पुस्तकाला आमच्याकडे नल्ली म्हणतात. प्रत्येक बोटीवर चढल्याचे आणि उतरल्याचे शिक्के असतात त्यात. तिने ती उघडली नाही, फक्त मांडीवर ठेवली आणि फातेहा पढली. शेजारी एक हिंदू कुटुंब बाळाचं जावळ काढून आलं होतं, बाळ रडत होतं. अम्मी पढून झाल्यावर म्हणाली, “अब्बा, आलो आम्ही.” मग तिने गरिबांच्या जेवणासाठी पैसे दिले आणि उठायला यांचा हात मागितला. हे मघापासून थोडे लांब उभे होते. ते आले, तिला उठवलं, आणि ती नल्ली पिशवीत नीट गुंडाळून स्वतःच्या खिशात ठेवली. पनवेलपर्यंत ती त्यांच्याच खिशात होती. आमचा वाद काही मिटलेला नाही, आणि मिटायलाच हवा असंही नाही.

परतताना बंगळूरहून गोल घुमट एक्सप्रेस धरली. ही गाडी म्हैसूरहून निघते, नाव घुमटाचं आणि शेवटचं स्टेशन पंढरपूर. हे कोणी मुद्दाम ठरवलं नसेल, पण दख्खन एका ओळीत सांगायचं तर हे वेळापत्रक पुरेल. विजापूरला उतरून मुहम्मद आदिलशाहचा तो प्रचंड मकबरा पाहिला. मुलं वर जाऊन कुजबुजत राहिली, अम्मी खाली हिरवळीवर बसली आणि तिची एका दखनी म्हातारीशी मैत्री झाली. “नक्को”, “कायकू”, “मैंच बोली”. मी कान देऊन ऐकत होते. हे “नक्को” आपलं “नको”, आणि “मैंच” मधला “च” आपल्या “मीच” मधला. आमच्या उर्दूच्या पुस्तकात हा “च” नाही. दख्खनच्या उर्दूच्या जिभेवर तो चार-पाचशे वर्षं आहे. याच विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहने दखनीत ‘किताब-ए-नवरस’ लिहिली आणि तिच्यात सरस्वतीची स्तुती केली. मराठी आणि उर्दू शेजारी राहिल्या, एकमेकींच्या घरी मीठ-मिरची मागायला गेल्या, आणि काही भांडी परत करायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीने पंढरपूर, आणि तिथून एसटीने घर.

शाळा सुरू झाल्यावर सातवीच्या वर्गात भारताचा नकाशा लावला आणि आमचा रस्ता बोटाने दाखवला. केरळातल्या अरबी अक्षरांची मल्याळम सांगितली, तंजावरची मराठी सांगितली, नागोरचा मिनार सांगितला. मुलं एकदम शांत होती, म्हणजे आवडत होतं. मागच्या बाकावरच्या एकाने हात वर केला. “टीचर, त्या लोकांना उर्दू येत नाही, तर मग ते नमाज कशी पढतात?”

“अरबीत. तू पढतोस तशीच.”

तो थोडा विचार करून म्हणाला, “आणि घरी आईशी भांडायचं असेल तर?”

“तामिळमध्ये,” मी म्हटलं. “तू कशात भांडतोस?”

वर्ग हसला. तो लाजला, आणि म्हणाला, “मराठीत.”