पट्टी उतरल्यावर

आईची पेटी अजून घरात आहे. माझ्या धाकट्या बहिणीला निजवताना आई एक अंगाई म्हणायची, काळी पाचमध्ये. पुढे तीसेक वर्षांनी माझी मुलगी तिच्या मांडीवर आली, तेव्हा आईनं आधी पेटीवर दोन-तीन सूर चाचपले आणि पांढरी चारवर येऊन थांबली. "आता गळा इथं बसतो," एवढंच म्हणाली. शब्द तेच, चालही तीच. त्या अंगाईत बाबा संध्याकाळी घरी येतील असं एक कडवं आहे. मधल्या काळात वडील गेले होते. त्या कडव्यापाशी आई क्षणभर थांबली, श्वास घेतला आणि पुढे गेली. पूर्वी ती तिथं थांबत नसे.

जोनी मिचेलचं 'बोथ साइड्स नाऊ' हे गाणं तिच्या उतारवयातल्या आवाजात ऐकलं आणि मला ती पांढरी चार आठवली.

जोनी मिचेल कॅनडाची. जन्म १९४३ चा, लहानपण सॅस्कॅचवनच्या सपाट, वारा सुटलेल्या मुलखातलं. १९६७ साली ती विमानात सॉल बेलोची 'हेंडरसन द रेन किंग' ही कादंबरी वाचत होती. कादंबरीचा नायकही विमानात असतो आणि वरून ढगांकडे बघतो. तिनं पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहिलं, आणि त्यातून हे गाणं आलं. ढग खालून पाहिले, वरूनही पाहिले. प्रेमाचं तसंच, आयुष्याचंही तसंच. आणि दोन्हीकडून पाहूनही हाती लागतो तो भासच, असा त्याचा आशय. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. गाणं आधी गाजलं ते ज्युडी कॉलिन्सच्या आवाजात. जोनीनं स्वतः ते १९६९ च्या 'क्लाउड्स' या अल्बममध्ये गायलं. सोबत फक्त गिटार. आवाज उंच, पातळ, झऱ्यासारखा. साडेचार मिनिटांत गाणं संपतं.

मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझंही वय तेवढंच होतं. फार आवडलं, आणि मनातून एक शंकाही आली: या वयाच्या पोरीला आयुष्याच्या दोन बाजू कुठून दिसणार? गोड गळ्याच्या मुलीनं आजीची साडी नेसावी तसं काहीतरी वाटलं. ही शंका मी बरीच वर्षं बाळगली.

२००० साली तिनं ते पुन्हा गायलं. लंडनला, मोठ्या वाद्यवृंदासोबत. व्हिन्स मेंडोझा यांनी वाद्यमेळ बांधला होता. त्या अल्बमचं नावच 'बोथ साइड्स नाऊ'. त्यात बहुतेक गाणी दुसऱ्यांची, जुन्या अमेरिकन जमान्यातली, एका प्रेमाची सुरुवात ते शेवट अशा क्रमानं लावलेली. स्वतःची फक्त दोन, आणि हे अगदी शेवटी. आता ती छपन्न वर्षांची आहे. सिगरेटनं म्हणा, आजारांनी म्हणा, आवाज पार खाली उतरलाय, जाड झालाय, कडेला खरखरतो. आधी तंतुवाद्यं धुक्यासारखी पसरतात आणि बऱ्याच वेळानं ती पहिला शब्द टाकते. तोही तालाच्या जरा मागे, घाई नसल्यासारखा. तेच गाणं आता पावणेसहा मिनिटं घेतं. शब्द तेच आहेत. 'लव्ह अ‍ॅक्चुअली' हा चित्रपट पाहिलेल्यांना हे ध्वनिमुद्रण आठवेल. नवऱ्यानं केलेली फसवणूक कळलेली एमा थॉम्पसन बेडरूममध्ये एकटी उभी राहून पलंगावरची चादर नीट करते, तेव्हा मागे हाच आवाज असतो.

दोन्ही अल्बमची मुखपृष्ठं जोनीनंच रंगवलेली स्वचित्रं आहेत. 'क्लाउड्स'वर हातात लाल लिली, 'बोथ साइड्स नाऊ'वर हातात सिगरेट. मी ती शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसतो.

आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला यात नवल वाटायचं तसं कारण नाही. एकच बंदिश गवई विशीत गातो, साठीत गातो, आणि जाणते रसिक साठीतल्यासाठी लांबून येतात. कुमार गंधर्वांना क्षय झाला, एक फुप्फुस निकामी झालं, देवासला वर्षानुवर्षं गाणं बंद राहिलं. आणि परत आले ते छोट्या श्वासांत गाणं बांधूनच. जोनीलाही नवव्या वर्षी पोलिओ झाला होता. डावा हात दुबळा राहिला, नेहमीच्या पकडी जमेनात, म्हणून तिनं गिटारच्या तारा आपल्या हाताला सोसतील अशा वेगळ्या सुरांत लावल्या. तिच्या गाण्यांचे ते विलक्षण स्वरमेळ तिथून आले. गळा उतरला तेव्हाही तिनं तेच केलं. आहे तो आवाज घेतला आणि गाणं त्याच्या मापानं लावलं.

आपलं जुनं गाणं पुन्हा गाण्याची कारणं अनेक असतात. टेलर स्विफ्टनं जुने अल्बम पुन्हा ध्वनिमुद्रित केले ते मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी तिच्याकडे नव्हती म्हणून. तिथं सगळं कसब नवं जुन्यासारखं वाटावं यात आहे; हक्काची लढाई म्हणून मला ती पूर्ण पटते. आणि नुसता वाद्यवृंद लावला की गाणं मोठं होतं असंही नाही. जोनीनंच २००२ मध्ये 'ट्रॅव्हलॉग'साठी आपली आणखी बावीस गाणी अशीच गायली. त्यातली काही त्या वाद्यांच्या ओझ्याखाली दबली, असं माझं मत आहे.

पण 'बोथ साइड्स नाऊ'चं तसं झालं नाही, आणि का झालं नाही ते मला तिचं आयुष्य वाचल्यावर कळलं. १९६५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, हातात पैसा नसताना आणि सोबत कुणी नसताना तिला मुलगी झाली. ती तिला दत्तक द्यावी लागली. त्याच वर्षी लग्न झालं आणि दोन वर्षांत मोडलं. विमानाच्या खिडकीशी बसलेली ती तेवीस वर्षांची पोर हे सगळं पोटात घेऊन बसली होती. मुलगी पुन्हा भेटली ती थेट १९९७ मध्ये. म्हणजे माझी शंका साफ चूक होती. तिनं कुणाची साडी उसनी नेसली नव्हती. तिला सगळं कळत होतं, फक्त ते पेलणारा गळा तिच्याकडे अजून आला नव्हता. झऱ्यासारख्या आवाजातून दुःख गेलं तरी ऐकणाऱ्याला पाण्याचाच नाद ऐकू येतो.

मार्च २०१५ मध्ये मेंदूतली रक्तवाहिनी फुगून ती कोसळली. चालणं, बोलणं पुन्हा शिकावं लागलं. गिटारवर बोटं कुठं ठेवायची हेही विसरली होती; ते ती स्वतःचेच जुने व्हिडिओ बघून शिकली. तिशीतल्या जोनीच्या बोटांकडे बघत सत्तरी ओलांडलेली जोनी धडे गिरवतेय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. जुलै २०२२ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ती मोठ्या खुर्चीत बसून हेच गाणं गायली, आवाज आणखी खाली गेलेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, ग्रॅमीच्या मंचावर ती पहिल्यांदाच गायली. तेव्हाही हेच.

तुम्ही ऐकणार असाल तर एक विनंती आहे. क्रम उलटा ठेवा. आधी २००० चं ऐका, दिवे मालवून, पावणेसहा मिनिटं दुसरं काही न करता. मग लगेच १९६९ चं लावा. त्या कोवळ्या आवाजात ती मुलगी काय सांगत होती, ते तेव्हा ऐकू येईल.