काचांनी दिलेली साक्ष

सारायेव्होहून स्रेब्रेनित्साला जाणारा रस्ता दाट रानातून, डोंगर चढत-उतरत जातो. ब्रातुनात्सच्या अलीकडे क्रावित्सा गाव लागतं. तिथं रस्त्यालगतच एक गोदाम आहे. बोस्नियाच्या युद्धात, १३ जुलै १९९५ ला, त्यात कोंडलेल्या हजारावर बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम) पुरुषांना बंदुका आणि हातबॉम्बनी मारलं गेलं. आमची बस तिथं थांबली नाही.

पोतोचारीत रस्त्याच्या एका बाजूला दफनभूमी आहे, दुसऱ्या बाजूला बॅटऱ्यांचा जुना कारखाना. संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित’ ठरवलेल्या या भागातल्या डच सैनिकांचा तळ याच कारखान्यात होता. ११ जुलैला जनरल रात्को म्लादिचच्या बोस्नियन सर्ब सैन्यानं स्रेब्रेनित्सा घेतलं आणि हजारो माणसं आसऱ्यासाठी इकडे धावली. बायका-मुलांना बसमध्ये भरून पाठवलं, पुरुष आणि पोरगे बाजूला काढले. इथले आणि रानातून निसटताना पकडलेले मिळून आठ हजारांहून अधिक जण मारले गेले.

ज्यानं स्वतः गोळी झाडली नाही, अशा जनरलवर गुन्हा शाबीत कसा करायचा? कारखान्याच्या ओसाड हॉलमध्ये हाच प्रश्न मला छळत राहिला. बरंचसं उत्तर मातीत होतं. त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात, पुरावा लपवण्यासाठी, प्रेतं यंत्रांनी उकरून दूरच्या खड्ड्यांत हलवली गेली. पण कोझ्लुक गावी जिथं माणसं मारली, तिथं बाटल्या भरणाऱ्या कारखान्याच्या फुटक्या काचा पडलेल्या होत्या. त्याच काचा प्रेतांबरोबर चान्चारी रस्त्यावरच्या खड्ड्यात गेल्या आणि तपासात उघड्या पडल्या. म्हणजे ही प्रेतं कोझ्लुकहूनच हलवली होती. एवढ्या बसगाड्या, एवढं डिझेल, एवढी खोदयंत्रं वरिष्ठांना कळल्यावाचून हलत नसतात.

युद्धगुन्ह्यांसाठीच्या हेगच्या न्यायाधिकरणानं २००१ मध्ये बोस्नियन सर्ब सैन्याच्या ड्रिना कोअरचा जनरल राडिस्लाव क्रस्टिच याला वंशसंहारासाठी ४६ वर्षांची शिक्षा दिली. २००४ च्या अपिलात ती ३५ वर आली. वंशसंहाराचा हेतू त्याचा स्वतःचा होता हे सिद्ध झालं नाही. पण म्लादिचच्या मुख्यालयातल्या काहींचा तो हेतू ठाऊक असूनही त्यानं आपल्या कोअरची माणसं आणि साधनं वापरू दिली, म्हणून तो साहाय्यक ठरला. मला हा दुसरा निकाल अधिक मोलाचा वाटतो. ‘मी मारलं नाही, फक्त गाड्या दिल्या’ ही पळवाट या निकालानं बुजवली.

म्लादिच मात्र २०११ पर्यंत हाती लागला नाही. तो सर्बियातल्या लाझारेव्हो गावात सापडला. २०१७ मध्ये त्याला जन्मठेप झाली आणि २०२१ मध्ये ती कायम झाली.

पोतोचारीच्या दफनभूमीत दरवर्षी ११ जुलैला नव्यानं ओळख पटलेल्यांना पुरतात. खोदयंत्रांनी प्रेतं तोडून नेल्यामुळे एकाच माणसाची हाडं दोन-तीन खड्ड्यांत सापडतात आणि डीएनए तपासूनच ती जुळवावी लागतात. दफनानंतर आणखी हाडं मिळाली, तर कबर पुन्हा उघडावी लागते. म्हणून काही घरं, थोडी हाडं मिळाल्याचं कळूनही, दफन लांबणीवर टाकतात.