दोन वाऱ्यांच्या मध्ये

चाळिशी उलटल्यावर माणसाला कसला नाद लागेल याचा नेम नसतो. आमच्या गावच्या पोस्टमास्तरांना निवृत्तीच्या आदल्या वर्षी मृदंगाचा नाद लागला आणि सगळी आळी त्यांच्या बरोबर तालीम करू लागली. मला होडी बांधण्याचा नाद लागला. माझ्या नादात आवाज कमी होता. पण खर्च जास्त होता, असे आमच्या घरातले मत आहे.

तुम्ही म्हणाल, कोकणातल्या माणसाने होडी बांधली, यात नवल ते काय? नवल आहे. आमचे घर कर्ली नदीच्या खाडीपासून दोनशे पावलांवर. पण आमच्या सात पिढ्या भातशेतीच्या. पाणी ही आम्ही ओट्यावरून पाहण्याची वस्तू. मी स्वतः मॅट्रिकपुढे शिकलो नाही. एका लहानशा शाळेत रजेवर गेलेल्या मास्तरांच्या जागी म्हणून चिकटलो, तो बावीस वर्षे तिथेच आहे. भूगोल शिकवितो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझ्या तीन कादंबऱ्यांत समुद्र आहे. त्यांत शिडे डौलाने फुगतात, नावा लाटांवर हेलकावतात. हे सगळे लिहिताना मी शिडाची दोरी एकदाही हातात धरलेली नव्हती. वाचकांनी कधी तक्रार केली नाही. वाचक दयाळू असतो.

पाणी तसे नसते, हे मला पुढे कळले.

मी जो नकाशा मिळविला तो अकरा फुटी शिडाच्या होडीचा. अशा होड्या जगभर हौशी माणसे घराच्या पडवीत बांधतात. या प्रकाराला खरी लोकप्रियता मिळाली ती १९६२ साली इंग्लंडमध्ये. लंडनच्या ‘मिरर’ दैनिकाच्या पुढाकाराने जॅक होल्ट हा नौकांचा रचनाकार आणि दूरचित्रवाणीवर घरगुती सुतारकाम शिकविणारा बॅरी बकनेल, या दोघांनी मिळून सामान्य माणसाला परवडेल आणि जमेल अशी एक होडी तयार केली. तिचे नाव ‘मिरर’ आणि शिडे लाल. आजवर तशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या. तिची युक्ती अशी की, होडीला आधी सांगाडा उभारून त्यावर फळ्या ठोकायच्या नाहीत. पातळ प्लायवूडचे तुकडे नकाशाबरहुकूम कापायचे, काठाकाठाने बारीक भोके पाडायची आणि तांब्याच्या तारेने ते तुकडे एकमेकांना चक्क शिवायचे. मग आतून सांध्यांवर राळ आणि काचेच्या धाग्याची पट्टी बसवायची. राळ घट्ट झाली की तारा कापून टाकायच्या.

मी पडवीत बसून तारा ओवू लागलो, तेव्हा शेजारचे सुतारमामा कुंपणापाशी उभे राहून बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, “गुरुजी, होडी बांधतास काय गोधडी शिवतास?”

मामांच्या विनोदाला मी हसलो खरा. पण शिवलेल्या होड्या आपल्या किनाऱ्याला नव्या नाहीत. लोखंडी खिळ्यांऐवजी काथ्याने फळ्या शिवून बांधलेली गलबते या पश्चिम समुद्रावर शतकानुशतके फिरली. अजिंठ्याच्या लेण्यातले एक चित्र पुढे ठेवून अगदी अलीकडे गोव्यात केरळच्या कारागिरांनी तसे एक शिवलेले जहाज बांधले. २०२५ च्या मे महिन्यात कारवारला ते नौदलात दाखल झाले. त्याचे नाव ‘कौंडिण्य’. हे मी मामांना सांगितले. मामांनी ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी आपला रंधा घेऊन माझ्या पडवीत येऊन बसले.

शिवण आवळण्याचा दिवस मी विसरणार नाही. जमिनीवर सपाट पडलेले चार तुकडे. एकेक तार पिळत गेलो, तशा त्यांच्या कडा उठू लागल्या, पोट आले, नाळ वर झाली. आणि संध्याकाळपर्यंत पडवीत होडी होती! त्यानंतर राळेचे प्रकरण झाले. दोन द्रवे एकत्र केली की ती तापतात. पसरट भांड्यात कालवावी लागतात, हे मला ठाऊक नव्हते. मी ती आमच्या घरच्या खोलगट स्टीलच्या डब्यात कालवली. पाच मिनिटांत डब्यातून धूर निघू लागला आणि आत दगड झाला. तो डबा आजही होडीच्या खर्चाच्या वहीत पहिल्या ओळीवर आहे. वही अर्थात माझ्या बायकोची.

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम याने आपली जुनी पडकी ‘स्प्रे’ तेरा महिने खपून नव्याने बांधली आणि सामानाचा खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट असा नोंदवून ठेविला. मी तो आकडा घरात दाखविला. “त्याने जग तरी पाहिलं,” एवढेच उत्तर मिळाले. पण शीड शिवायची वेळ आली तेव्हा आपले शिलाई-यंत्र ओट्यावर मांडून तिनेच मांजरपाटाच्या पट्ट्या जोडून दिल्या. अट एकच : पाण्यावर जाताना अंगात तरंगणारे जाकीट हवे.

होडी तरंगली. सुरुवातीचे दोन महिने मी मामांच्या नातवाला घेऊन काठाकाठाने फिरलो. आणि मग, माघातल्या संकष्टीला, मी प्रथमच एकटा निघालो.

निघताना मी सगळा हिशेब केला होता. तिथीला पाऊणने गुणावे की भरतीची वेळ निघते, हे आपल्याकडचे जुने गणित. चतुर्थी, म्हणजे तीनला पूर्ण भरती. नंतर रात्री नऊपर्यंत ओहोटी. देवबागच्या चिंचोळ्या पट्टीच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली. दक्षिणेच्या टोकाशी दोघांची गाठ पडते. तिथवर ओहोटीबरोबर जायचे. परत येताना ओहोटी विरुद्ध असेल. पण वारा पश्चिमेचा, म्हणजे जाता-येता आडवा. शिडाला हवा तसा. आणि संध्याकाळी समुद्राचा वारा थांबला, तर जमिनीवरून मतलई वारा सुटेलच. तोही आडवाच. बावीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो : दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. एक गेला की दुसरा आला. तेव्हा लांबलचक वल्ही कशाला घ्यायची? ती पायांत येत होती. शिवाय शिडाच्या होडीत ती मला जरा कमीपणाची वाटत. मी ती काठावर माडाला टेकवून ठेविली.

दोन तास मी राजा होतो. दोरी हातात ताणलेली, सुकाणू बोटांखाली थरथरणारे, आणि माझ्या तिन्ही कादंबऱ्यांतली सगळी खोटी वाक्ये एकदम खरी झालेली. सूर्य माडांच्या शेंड्यांना टेकला तेव्हा मी टोकाजवळ होतो. होडी वळविली आणि शीड लोंबले.

वारा हळूहळू कमी झाला असे नाही. दिवा मालवावा तसा तो गेला. मी मतलई वाऱ्याची वाट पाहू लागलो. पाण्यावर सुरकुतीही नव्हती. पण वरचे पाणी निश्चल दिसले तरी खालचे चालले होते. काठावरची झाडे एकामागून एक मागे सरत होती आणि नदीच्या मुखाशी फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ जवळ येत होती. नांगर टाकला. माझा तो खेळण्यातला नांगर वाळूवरून फरफटत आला. हातांनी पाणी मारले. अंधार पडू लागला.

आणि त्या वेळी मला एक उत्तरपत्रिका आठवली.

माझ्या नोकरीची पहिलीच वर्षे. प्रश्न होता, ‘खारे वारे व मतलई वारे यांतील फरक स्पष्ट करा.’ गुण पाच. एका मच्छीमाराच्या मुलाने दोन्ही वारे बरोबर लिहिले होते आणि खाली आपल्या भाषेत भर घातली होती : ‘पण दोगांच्या मधी वारो पडता. तेवां माझो बापूस शीड उतरयता आणि वल्ही घेता.’ मी त्या ओळींवर लाल रेघ मारली. ‘विषयाला सोडून. भाषा अशुद्ध.’ एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. मी तरुण होतो. वर्ग हसला की मला आपण चांगले शिकवितो असे वाटे. मी ते उत्तर मोठ्याने वाचून दाखविले. पुढल्या वर्षी त्या मुलाने शाळा सोडली. त्या एका उत्तरामुळे सोडली असे नव्हे. घरी हातांची गरज होती. मी इतकी वर्षे हेच स्वतःला सांगत आलो आहे.

आणि त्याचे म्हणणे किती सरळ होते! दिवसा जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, म्हणून वारा तिकडून इकडे. रात्री ती जास्त निवते, म्हणून इकडून तिकडे. मग मध्ये केव्हा तरी दोघांची ऊब सारखी होणारच. त्या घटकेला कोणी कोणाला ढकलीत नाही. पुस्तकात कारण होते. कारणातून निघणारी ती घटका नव्हती. ती एका तेरा वर्षांच्या मुलाने लिहिली, आणि मी खोडली.

इंजिनाचा आवाज ऐकू आला तेव्हा मी लाटांच्या रेघेपासून शंभर हात असेन. जाळी टाकायला निघालेली एक होडी वळून माझ्याजवळ आली. वर उभ्या असलेल्या माणसाने दोरी फेकली.

“गुरुजी, वारो पडलो ना? ही दोरी घेवा. नाळेक बांधा.”

आवाज जाड झाला होता, केस कानांवर पिकू लागले होते. पण मी ओळखले. तोच. असे योगायोग कादंबरीत घालायला मी धजलो नसतो. पण चार वाड्यांच्या खाडीवर संध्याकाळी होडी घेऊन असणार कोण, तर आमच्या शाळेतून गेलेलीच मुले.

त्याने मला घाटापर्यंत ओढून आणले. इंजीन बंद झाल्यावर मी विचारले, “तुला ते वाऱ्याचं उत्तर आठवतं का रे?”

“आठवता तर! पाचातले अडीच.” तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, “तुमी वाचून दाखवलास. पोरां हसली.”

मी बोलायला लागलो. काय बोललो ते मला नीट आठवत नाही. तो गुडघ्यावर बसून, टॉर्च लावून, माझ्या होडीच्या सांध्यांवरून हात फिरवीत होता. एका जागी राळ नीट भरली नव्हती, तिथे त्याचे बोट थांबले. मला वाटले, आता लाल रेघ येते. “हय जरा भरून घेवा,” तो म्हणाला, “बाकी शिवण बरी घातलास.” आणि जाळी टाकायला निघून गेला. त्याची तासाभराची ओहोटी माझ्यापायी फुकट गेली होती.

घरी चंद्र केव्हाच वर आला होता. बायकोने उपास सोडला नव्हता. तिने माझे भिजलेले कपडे पाहिले, सगळे ऐकून घेतले, आणि जन्मात होडीत न बसलेली ती बाई म्हणाली, “अहो, पण वल्ही का नव्हती नेलीत?”

त्याचे हसे वर्गात झाले होते. तेव्हा कबुलीही वर्गातच द्यायला हवी होती. त्याला विचारून, त्याचे नाव न घेता, मी सातवीच्या मुलांना ही हकीकत सांगितली, लाल रेघेसकट. वर्ग गंभीर झाला. मग मागच्या बाकावरून एक हात वर आला.

“गुरुजी, मगे परीक्षेत काय लिवायचा?”

प्रश्न बिनतोड होता. मी म्हणालो, “पुस्तकातलं लिहा. आणि त्याखाली तुमच्या घरी जे ठाऊक असेल तेही लिहा. दोन्ही मी वाचीन.”

तेव्हापासून उत्तरपत्रिका तपासायला मला दुप्पट वेळ लागतो. होडी अजून आहे. ती जागा मी भरून घेतली. आणि वल्ही आता कायम होडीतच असतात. पायांत येतात, येऊ देतो.