उत्तरेचा उजेड

सोलापुरात इमारती रेखाटायच्या तर सकाळी आठच्या आत बसावं लागतं. ऊन वर आलं की काळा दगड पांढुरका दिसू लागतो आणि सावल्या भिंतीला चिकटतात. भुईकोट किल्ल्याचा तट मी अशाच सकाळी काढतो. त्याला मोजक्या जाड रेघा पुरतात. दुहेरी तटबंदी, बुरूज, खंदक. सगळी घडण शत्रूला अडवण्यासाठी. अप्पासाहेब वारदांनी बांधलेलं, पुढे महापालिकेचं कार्यालय झालेलं इंद्रभुवन याच्या नेमकं उलट. कमानी, पुतळे, वेलबुट्टी! ही वास्तू लोकांनी थांबून पाहावं म्हणूनच उभी आहे, आणि मीही तिच्यासमोर तासन् तास बसतो.

गिरणीचं छप्पर मात्र बरीच वर्षं मला साधलं नाही. 1877 मध्ये इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि शहराचा दिवस भोंग्यावर चालू लागला. विणकाम खात्यावर करवतीच्या दात्यांसारखी छपरं, एकामागे एक. मी ते दाते मोजून काढायचो आणि कागदावर नुसती नक्षी उमटायची.

एकदा एक म्हातारे विणकर मागे येऊन उभे राहिले. चित्र पाहून म्हणाले, "काचंची बाजू कुठंय ह्यात? ती उत्तरंला असती बघा. सूत बघायला उजेड पाहिजे, ऊन नको."

चित्रकाराची खोलीही उत्तरेची खिडकी मागते, आणि कारण हेच. त्या बाजूने थेट ऊन क्वचितच येतं, त्यामुळे उजेड दिवसभर फारसा हलत नाही. तुटलेला धागा शोधणारी नजर आणि रेघ शोधणारी नजर एकाच उजेडात काम करतात, हे मला त्या दिवशी कळलं. ज्या छपराला मी केवळ आकार समजत होतो, ते माणसाच्या डोळ्यांची काळजी घेत होतं.

तेव्हापासून कुठल्याही वास्तूसमोर बसलो की आधी पाहतो, हिच्यात उजेड कुठून येतो आणि कोणाच्या कामावर पडतो. पाच्छा पेठेत मागाचा आवाज आला तरी पाय थबकतात. तिथल्या साध्या खिडकीचीही जागा मी आता वहीत नोंदवतो.

गिरण्यांचे भोंगे थांबले. तरी तिथलं छप्पर काढताना मी उत्तरेच्या बाजूला पेन्सिल लावत नाही. तेवढा कागद कोरा राहतो. चित्रात उजेड दाखवायची तीच एक रीत मला ठाऊक आहे.