सांबऱ्याची कवायत

बेळगावहून बागलकोटच्या रस्त्याने पूर्वेस निघाले की दहा-अकरा किलोमीटरांवर सांबरा लागते. परगावच्यांस हे नाव विमानतळामुळे ठाऊक. आम्हां शिक्षकांस मात्र हे कवायतीचे गाव वाटते. हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र येथेच आहे. गेल्या माघात मावशीकडे मुक्काम पडला, तेव्हा सांबऱ्यातील आणखी एक कवायत आम्ही पाहिली.

मावशी ७१ वर्षांची. सहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. काखेतल्या गाठीही काढल्या. पहाटे ती बूट चढवून निघाली, तेव्हा आम्ही म्हणालो, "व्यायामच करायचा तर परड्यात कर की!"

"घरात सगळी जपत्यात रे मला," ती म्हणाली. "तिथं रागवत्यात."

एका जुन्या वाड्याच्या चौकात सातजण जमले होते. सारे साठी उलटलेले, सारे या दुखण्यातून उठलेले. एका निवृत्त परिचारिकेने प्रत्येकाच्या डॉक्टरांस विचारून व्यायामाचा क्रम लावून दिलेला. भिंतीवर बोटे चालवीत हात वर न्यायचा, आधार न घेता खुर्चीवरून उठायचे, पाण्याने भरलेला तांब्या उचलायचा. आमच्या पाचवीच्या वर्गालाही हे सोपे वाटेल. मावशीचा हात मात्र खांद्याच्या वर जाताना थरथरत होता, आणि तिच्याकडे कोणीही दयेने पाहत नव्हते.

आकडे मोजत होते एक वृद्ध गृहस्थ. त्यांची हयात निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेली. तोंडाच्या कर्करोगात जबड्याचा भाग काढावा लागला. उच्चार अस्पष्ट, म्हणून घरी ते पाटीवर लिहूनच बोलतात. येथे मात्र एक ते आठ तेच मोजतात. मग एक कन्नड आजी आठापासून उलटे मोजीत येतात, तिच्या भाषेत. (आमच्या भागात पाट्यांवरून किती वाद झाले ते वाचक जाणतातच, या चौकात तो विषय निघत नाही.)

पूर्वी अशा रुग्णांस विश्रांतीच सांगत. काखेतील गाठी काढल्यावर हात सुजतो, म्हणून ओझे उचलू नये, असा दंडक होता. १९९६ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या २४ स्त्रियांस एकत्र होडी वल्हवावयास लावले. सूज वाढली नाही. त्या दंडकाचा पाया तेथे डळमळला. उपचारानंतरचा थकवाही नुसते निजून जात नाही, बेताच्या हालचालीने उतरतो.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आम्हांस अधिक बोलका वाटला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ८८९ रुग्ण, मुख्यतः कॅनडा व ऑस्ट्रेलियातील. शस्त्रक्रिया व औषधे संपल्यावर निम्म्यांस आरोग्याची पुस्तिका दिली. निम्म्यांस पुस्तिकेखेरीज तीन वर्षे भेटून व्यायाम करवून घेणारा मार्गदर्शक दिला. पाच वर्षांनी पहिल्या गटात सुमारे ७४ टक्के रोगमुक्त होते, दुसऱ्यात ८०. पुस्तिका वाटून मुले शिकत नाहीत, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. म्हाताऱ्यांचेही तेच असावे. तथापि चौकातील कोणीही हे आकडे ऐकून आलेले नव्हते. आपण आलो नाही तर कोणीतरी विचारील, एवढ्यासाठी ती येतात.

दुसऱ्या दिवशी ते वखारीचे गृहस्थ आले नाहीत. कोणी कवायत सुरू करीना. शेवटी मावशी आणि कन्नड आजी त्यांच्या घरी गेल्या; आम्हीही मागोमाग गेलो. ते बूट घालून ओसरीवर बसले होते. पाटीवर लिहिले होते, 'उद्या तपासणी.' आजींनी पाटी भिंतीला टेकवली आणि त्यांची काठी हाती दिली.

चौकात हात वर गेले. आम्हीही रांगेत उभे राहिलो. पाचापर्यंत ठीक चालले, सहाला त्यांचा आवाज अडला. मावशीचा हात थरथरू लागला. आमचेही खांदे भरून आले. ते आठ म्हणेपर्यंत कोणीही हात खाली आणला नाही.