मानेवरची काळी पट्टी

तुमच्या मुलाची मान एकदा उजेडात नीट पाहा. मागच्या बाजूला काळसर, जाडसर पट्टी दिसते का? ती मळ समजून कितीतरी आया बेसन आणि लिंबू लावून घासत असतात. तो मळ नाही. वजन वाढलेल्या मुलात ही खूण बहुधा सांगते, की शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही आणि पुढे मधुमेहाचा धोका आहे. साबण बदलू नका, मुलाला डॉक्टरांना दाखवा.

"बाळसं आहे हो, उंची वाढली की झडेल," असं आजी म्हणतात. वर्षाच्या बाळाचा गुटगुटीतपणा वेगळा, नऊ वर्षांच्या मुलाचा वेगळा. नजरेने ठरवू नका. उंची-वजन मोजून वयाच्या तक्त्यावर मांडून घ्या.

मग पालक म्हणतात, "याला डाएट लिहून द्या." वाढत्या मुलाला उपाशी ठेवायचं नसतं. पुष्कळदा वजन घटवायचीही गरज नसते. उंची वाढताना वजन आहे तिथेच राहिलं, तरी बीएमआय खाली येतो. पण त्यासाठी बदलावं लागतं घर. बाबांसमोर फरसाणाचा डबा उघडा, ताईला आइस्क्रीम आणि याच्यापुढे काकडी! मला तर ही शिक्षाच वाटते, आणि मुलालाही तसंच वाटतं. मग ते लपून खातं.

म्हणून सुरुवात किराण्याच्या यादीपासून करा. 300 मिली कोल्ड्रिंकमध्ये साधारण 30 ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते. दुधात घालायच्या पावडरच्या डब्यावरही साखर किती ते वाचा. (जाहिरातीतली उंची मागच्या बाजूला छापलेली नसते.) घरात आलंच नाही, तर रोज "नको" म्हणायची वेळ येत नाही. संध्याकाळच्या भुकेला भाजलेले शेंगदाणे, चणे, एखादं थालीपीठ पुरतं.

रोज तासभर घाम येईपर्यंत खेळ हवा. त्यासाठी एखादा क्लास कमी करावा लागला तर करा.

झोपेकडे मात्र फार कमी घरांत लक्ष जातं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते. रात्री साडेदहाला मालिका बघत जेवण आणि सकाळी सहाला शाळेची तयारी, हे गणित जुळत नाही. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, तीही गोड-तळलेल्याची. जेवण आठला घ्या, टीव्ही आणि सगळ्यांचे मोबाइल बंद ठेवून. तुमचासुद्धा.