कुलूप लावण्याआधी

चिपळूणच्या माणसाला कागदाची किंमत २२ जुलै २०२१ ला कळली. वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं आणि खालच्या खोलीतलं लोखंडी कपाट त्यात बुडालं. जमिनीचे सातबारे, निकाहनामा, मुलांचे दाखले, जुने अल्बम, सगळं त्यातच होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही दोघांनी एकेक कागद पंख्याखाली वाळवला. जे वाचलं त्याचे मोबाईलवर फोटो काढले. पुढे मोबाईल भरले तेव्हा एक टीबीची हार्ड डिस्क आणली, सगळं तिच्यात टाकलं आणि मोबाईल रिकामे केले. या डिस्कला आम्ही मोठ्या अभिमानाने ‘बॅकअप’ म्हणत होतो.

तिच्यात आणखी एक ठेव होती. अम्मींच्या आवाजातली अकरा गाणी. लग्नघरात बायका बसून म्हणायच्या ती, आमच्या बोलीतली. अम्मी गेल्या त्याच्या आदल्या वर्षी आम्ही ती मोबाईलवर टिपून घेतली होती.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ठरवलं, ही डिस्क पावसाळ्याआधी मुंबईला आपांकडे ठेवायची. नदीपासून लांब. पण गाडीच्या गर्दीत पिशवी हरवली तर? आत घरातल्या सगळ्यांचे आधार, पॅन, पासपोर्ट. कुणाच्या हाती लागले तर? म्हणून एन्क्रिप्शन करायचं ठरलं, म्हणजे पासवर्डशिवाय कुणाला काही वाचताच येऊ नये असं कुलूप. एक मोफत प्रोग्राम उतरवून घेतला. त्याने दोन पर्याय विचारले: आहे तो मजकूर जागच्या जागी कुलूपबंद करायचा, की डिस्क नव्याने फॉरमॅट करून कुलूपबंद जागा तयार करायची. दुसऱ्याला वेळ कमी लागेल असं तिथे लिहिलं होतं. आम्ही दुसरा निवडला. मग इंग्रजीत लांबलचक इशारा आला. एकाने विचारलं, “हे काय म्हणतंय?” दुसऱ्याने सांगितलं, “दरवेळी असंच विचारतात, हो म्हण.” कोण कोणाला म्हणालं, यावर घरात आजही एकमत नाही.

मगरिबची नमाज पढून परत आलो तेव्हा पट्टी नऊ टक्क्यांवर होती. तेव्हा कुठे तो इशारा नीट वाचला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. घाबरून वायर उपटली. पुन्हा जोडली तर कॉम्प्युटर म्हणाला, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा. त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही. अब्बांना दोन दिवस सांगितलंच नाही.

आपांच्या मुलाला फोन केला. तो याच कामात आहे. त्याचं पहिलं वाक्य होतं, “मामू, मामी, आता त्या डिस्कला हात लावू नका. फॉरमॅट नाही, नवीन कॉपी नाही, काही नाही.” शनिवारी तो स्वतः आला आणि त्याने समजावून सांगितलं. नऊ टक्के जागेवर नवं लिहिलं गेलं होतं, तेवढ्यातलं परत येणार नव्हतं. बाकीचा मजकूर मात्र जागेवर होता. फक्त कुठली फाईल कुठे आहे याची यादी सुरुवातीच्या भागात होती, ती गेली होती. ग्रंथालयाची नोंदवही जळाली, पण बहुतेक पुस्तकं कपाटात आहेत, असं समजा.

त्याने फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्राम लावला. तो यादी बघत नाही. डिस्क एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचतो आणि फोटोची, गाण्याची, कागदाची सुरुवात तिच्या ठरलेल्या खुणेवरून ओळखून उचलतो. उचललेलं दुसऱ्याच डिस्कवर ठेवावं लागतं, म्हणून नवी डिस्क आणली. काम रात्रभर चाललं, दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं. हजारो फाईली आल्या, पण एकालाही जुनं नाव नाही. सगळ्यांना नुसते आकडे.

मोबाईलने काढलेल्या फोटोत तारीख आतच लिहिलेली असते, त्यावरून पुष्कळ लावता आले. पण अल्बमच्या फोटोंवर एकच तारीख, पुरानंतरच्या आठवड्याची. तेव्हा अब्बांना सांगावंच लागलं. ते रागावले नाहीत. चष्मा पुसून म्हणाले, “दाखवा एकेक.” त्यानंतर महिनाभर रोज संध्याकाळी ते शेजारी बसून सांगत होते: हा दाभोळचा धक्का, हा माझा चुलत भाऊ, बोटीवर नोकरीला गेला तो. आधीच्या डिस्कवर या फोटोंना नुसते ‘अल्बम १’, ‘अल्बम २’ असे फोल्डर होते. माणसांची नावं आम्ही लिहिलीच नव्हती.

सातबारे आले, दाखले आले. लग्नाचा व्हिडिओ अर्धाच चालतो. अम्मींची गाणी चार मिळाली. कुवेतच्या खालांना आम्ही कधीकाळी काही पाठवली होती. त्यांच्या जुन्या मोबाईलमधून आणखी तीन आली. चार गेली ती गेली. त्यातलं एक अम्मी मध्येच हसल्या होत्या ते होतं.

आम्ही चोराला घाबरलो, आणि नुकसान घरातल्याच हातांनी झालं. मुळात चूक त्या एका बटणाची नव्हती. मोबाईल रिकामे केले त्याच दिवशी ती डिस्क बॅकअप राहिली नव्हती, ती एकुलती एक प्रत झाली होती. दुसरी प्रत असती तर नऊ काय, शंभर टक्के पुसलं गेलं असतं तरी एक संध्याकाळ वाया गेली असती, एवढंच.

या खेपेला क्रम उलटा केला. आधी दोन डिस्कवर प्रती, त्यातल्या फाईली उघडून खात्री. मग तिसरी, कोरी डिस्क कुलूपबंद केली आणि त्यानंतर तिच्यात मजकूर भरला. पासवर्ड कागदावर लिहून एक घरात, एक आपांकडे दिला, डिस्कपासून वेगळा. कारण तो विसरला तर ते कुलूप बनवणाराही उघडून देऊ शकत नाही.

गेल्या जूनमध्ये ती डिस्क मुंबईला पोचली. आपांनी ती उघडून अम्मींचं एक गाणं लावलं आणि फोन स्पीकरजवळ धरला. इकडे अब्बा शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, “गाण्यांची नावं लिहिलीत ना?”

लिहिली होती.